विहिरीचा हात

नवरा गेल्यावर बाई रडली नाही की गावाला तिची फार काळजी वाटते. माझे डोळे कोरडेच राहिले, तेव्हा दुसरबीडच्या बाया पाळीपाळीने माझ्या ओसरीवर येऊन बसल्या, माझ्या माणसाच्या आठवणी काढून काढून स्वतःच रडल्या आणि पदराने नाक पुसत घरी गेल्या. रडलं की मोकळं वाटतं, असं जाता जाता सांगून गेल्या. मी त्यांच्याकडे नुसती बघत होते. राग नव्हता, माया नव्हती, काहीच नव्हतं. अंगाखाली राहिलेला हात सकाळी दुसऱ्याचाच वाटतो ना, तशी मी अख्खी झाले होते. भाकरी थापत होते, पाणी भरत होते, आणि ते दुसरंच कोणी करतंय असं वाटायचं.

आमचं घर भोयाचं. खडकपूर्णेवर आमचा डोंगा चालायचा. पावसाळ्यात अलीकडची माणसं पलीकडे न्यायची आणि पलीकडची अलीकडे आणायची, हा आमचा धंदा. नदीवर पूल होणार, नागपूरला कागद गेलाय, असं पाटील दरसाल सांगायचा. पूल झाला नाही म्हणून आमची चूल पेटत होती, आणि पूल झाला नाही म्हणूनच ती विझली. आता यात शिव्या कोणाला द्यायच्या ते मला आजवर कळलेलं नाही.

माझ्या माणसाचं नाव शेषराव. ते असताना उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आता घ्यायला मोकळी आहे. श्रावणात पूर आला होता. माणसं पलीकडे उतरवून ते रिकामा डोंगा परत आणत होते. वरून वाहत आलेलं झाडाचं खोड डोंग्यावर आदळलं, डोंगा पालथा झाला आणि ह्यांचा उजवा खांदा मोडला. एका हाताने पोहत ते डोहापर्यंत आले. तिथे उभ्या काठावर उंबर आहे, त्याची मुळं पाण्यात लोंबतात. त्यातलं एक मूळ ह्यांनी डाव्या हाताने धरलं. काठ पुरुषभर उंच, वरून कोणाचा हात पोचत नाही. आणि पुढे खडक, त्यावरून कोसळणारं पाणी.

काठावर तेव्हा दोघंच होते. एक नारायणराव, ज्यांचं सडकेवर गूळ-तेलाचं दुकान आहे. त्यांना पोहता येत नाही. दुसरा फारुख पिंजारी, गावोगाव कापूस पिंजून घरी चालला होता. त्याने खांद्यावरची पिंजायची धनुकली टाकली आणि वरच्या अंगाच्या धोंड्यावरून उडी मारली. तो पोचत आला, आणि मूळ तुटलं. मी घरी चुलीपाशी होते. आरडाओरड ऐकून धावत गेले तोवर डोहात नुसतं गढूळ पाणी फिरत होतं.

त्यानंतर गावात दोन गोष्टी चालू झाल्या.

“हाताले हात लागत आल्ता,” नारायणराव म्हणाले, “अन् पोट्ट्यानं हात मागं घेतला. म्या माह्या डोळ्यानं पाह्यलं.”

नारायणराव खोटं बोलणारा माणूस नाही. तेलात कधी भेसळ केली नाही, ते बोलण्यात कशाला करतील?

फारुख म्हणाला, “नाई घेतला, काकू. वीतभर राह्यलं.”

“पान्यात ते काही बोलले तुह्याशी?” मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. “नाई.”

गावाने नारायणरावांचं ऐकलं. लोक लग्नसराईतल्या गाद्या-रजया दुसऱ्या गावच्या पिंजाऱ्याकडे न्यायला लागले. सुलतानपूरला फारुखची सोयरीक ठरली होती, तिकडून निरोप आला की पोरगी अजून लहान आहे. ठरवली तेव्हा ती चांगली मोठी होती, गावात बोलणं पसरलं तशी लहान झाली.

मी त्याला ना शिव्या दिल्या ना पाठीशी घातलं. मला एवढंच हवं होतं, की त्या पोराने हात मागे घेतला की नाही हे एकदा कळावं. कळून माणूस परत येणार नव्हता, हे मलाही समजत होतं. पण झाडताना, जेवताना, घास तोंडात असताना तो हात माझ्या डोळ्यांपुढे यायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. पुढचं मला दिसत नव्हतं.

नदी आटली की पात्रातल्या वाळूत आम्ही भोई वाडी लावतो. टरबूज, खरबूज, काकडी. त्या वर्षी मी एकटीनेच लावली. एका सकाळी वेलांना मडक्याने पाणी घालत होते, तर फारुख येऊन उभा राहिला. मी पाणी घालत राहिले.

“काकू,” तो शेवटी म्हणाला, “मले हात लांब कराले शिकवा.”

“हात लांब कराले मी काय ब्रह्मदेव हाये का बे? देवानं जेवढा दिला तेवढाच राह्यते.”

“पोहण्यातला हात म्हनतो मी.”

“आता कोनाले वाचवाचं हाये?”

हे मी लागावं म्हणूनच बोलले, आणि त्याला लागलं. तो पायाने वाळू उकरत राहिला.

“मले मालूम नाई,” तो म्हणाला. “पन हा हात असाच ठिवून मले जगता येऊन नाई राह्यलं.”

मला दया आली नाही. बधिर माणसाला दया कुठून येणार? पण तो पोहायला लागला तर मला त्याचा हात बघायला मिळेल, एवढं डोक्यात आलं. ह्यांच्या मागे नदीत पोहायला शिकलेली गावात मीच उरले होते. माझा बाप याच नदीवर वरच्या अंगाला डोंगा चालवायचा, मला चालण्याआधी पोहता यायला लागलं असं आई सांगायची. मी हो म्हटलं.

विधवा बाईने तरण्या पोराला पोहायला शिकवायचं म्हणजे गावाला दिवाळीच. तो प्रश्न त्याच्या आईने सोडवला. अजीजुन्निसा दुसऱ्या दिवशी पोराच्या मागोमाग आली, डोक्यावरची ओढणी नीट केली आणि काकडीच्या वेलांशी बैठक मारून बसली.

“रुखमाबाई, तुमी शिकवा,” ती म्हणाली. “मी रोज बसीन इथं. कोनाले काई बोलाचं असन तं माह्यासंग बोलन.”

तिच्याशी बोलायची कोणाची छाती झाली नाही. मशिदीपासून नदीपर्यंत तिचा आवाज पोचतो.

मी फारुखला डोहात उतरवलं आणि काठी घेऊन काठावर बसले. “समोरच्या बाभळीखाली हात लावून ये,” म्हटलं. तो गेला. एवढं पाणी उडवलं की म्हशी उतरल्यासारखं वाटावं. आणि बाभूळ समोर असून हा लागला कुठे, तर डावीकडे, खडकाशी.

दुसरबीडची पोरं, हिंदूंची असोत की मुसलमानांची, पोहायला शिकतात ती मशिदीमागच्या गोल विहिरीत. नदीला एक तर पूर, नाही तर वाळू, मग शिकणार कुठे? विहीर म्हणजे चहूकडून दगड. हात लांब टाकला की बोटांची सालटं निघतात, म्हणून पोरं कोपर पोटाशी धरूनच हात मारायला शिकतात. भिंत उजव्या अंगाला ठेवून गोल गोल फिरतात, म्हणून मोकळ्या पाण्यातही डावीकडे वळत जातात. आणि मुंडी कायम वर, कारण वरून कोण उडी टाकतोय ते बघावं लागतं. ह्यांना त्याची भारी मजा वाटायची. डोंग्यातून कोणी पोहताना दिसला की ओरडायचे, “विहिरीचा हात बे तुहा!” पाटलाच्या जावयालासुद्धा सोडलं नव्हतं.

फारुखच्या विहिरीच्या हाताला पिंजाऱ्याच्या धंद्याची जोड होती. दिवसभर कोपर दुमडून धनुकलीवर ठोके मारायचे. त्याचा हात पाण्यात शिरायचा तोच जेमतेम कपाळापुढे, आणि शिरला की लगेच पोटाकडे.

“काय चोरलं बे?” मी ओरडले.

“काऊन, काकू?”

“मंग चोरल्यावानी हात पोटाशी काऊन लपवून राह्यला?”

अजीजुन्निसा खो खो हसली. मला हसू आलं नाही, पण पूर्वी आलं असतं हे आठवलं.

मग काही दिवस मी त्याला पाण्यात जाऊच दिलं नाही. वाळूत पालथं पाडलं. “हात पुढं कर. जाईन तेवढा जाऊ दे,” म्हटलं. त्याने केला. त्याच्या बोटांच्या टोकाशी मी काठीने रेघ ओढली.

“आता अंग कुशीवर ने. शिंक्यावरचं दही काढाले टाचा उचलतो का नाई? तसा खांद्यातून हात वर घाल. दंड कानाले लागू दे.”

त्याने अंग वळवलं, खांदा पुढे सोडला, आणि बोटं रेघ ओलांडून गेली. जिथवर गेली तिथे मी दुसरी रेघ ओढली. मग दोन रेघांच्या मध्ये माझा पंजा ताणून ठेवला. अंगठा एका रेघेवर आला आणि करंगळी दुसरीवर. बरोबर वीत.

फारुख उठून बसला. आम्ही दोघं त्या वाळूकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता काहीतरी होईल, आतून काहीतरी फुटेल. काही झालं नाही. वेलांना पाणी घालायचं राहिलं होतं, ते घालायला मी उठले. थोड्या वेळाने मागे बघितलं, तर अजीजुन्निसा पायाने त्या रेघा पुसत होती.

पाण्यात पुन्हा उतरल्यावर त्याची घाई आडवी आली. हात पुढे गेला की त्याला लगेच पाणी ओढायची घाई. “जाऊ दे त्याले,” मी काठावरून ओरडायची. “जिथवर जाचं तिथवर जाऊ दे, मंग पानी धर. घरात एक तरी मानूस पाह्यजे, तसा एक हात कायम पुढं पाह्यजे. एक पोचल्याबिगर दुसऱ्यानं जागा सोडाची नाई.” त्याने जागा सोडली की मी काकडी फेकून मारायची. किडकी काकडी, चांगली नव्हे. मुंडी वर आली की दुसरी. “खाली पाह्य! वरून कोनी उडी नाई मारून राह्यलं!”

मग त्याने लांब करायच्या नादात हात नाकासमोरून आडवा टाकायला सुरुवात केली. अंग सापासारखं वळायचं आणि सगळा जोर वळण्यातच जायचा. त्याला खांद्यासमोर सरळ हात टाकायला शिकवण्यात माझे पुन्हा काही दिवस गेले. डोहात एक टरबूज दोरीने बांधून सोडलं होतं. त्याला शेवटच्या हाताने नुसतं बोट लावायचं, अंतर राहिलं म्हणून घाईघाईने आणखी दोन हात मारायचे नाहीत. पहिल्या पहिल्याने टरबूज त्याच्या डोक्यावर आपटायचं, नाहीतर हा त्याच्या डावीकडून निघून जायचा.

वैशाख निम्मा सरला आणि त्याचा हात नदीचा झाला. पाणी उडायचं थांबलं. दंड कानाला घासून जायचा, हात पुढे पुढे जायचा आणि तिथे क्षणभर राहायचा. थोडक्या हातांत तो बाभळीखाली पोचायला लागला, आणि बाभळीखालीच. मी बघत होते. आपल्याला बरं वाटायला पाहिजे, हे मला कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. उलट एक वाईट गोष्ट मनात आली, ती सांगून टाकते. मी म्हटलं, हा हात श्रावणात कुठे गेला होता?

टरबुजं घेऊन मी नारायणरावांच्या दुकानी गेले आणि म्हटलं, “उद्या सकाळी डोहावर या. श्रावणात उभे होते तिथंच उभं राहाचं.”

“काऊन, रुखमाबाई? जुनं काऊन उकरता?”

“माह्या घरचं हाये. मी उकरीन.”

ते आले. धोतराचा सोगा हातात धरून उंबराच्या थोडं अलीकडे उभे राहिले, अगदी त्याच जागी. अजीजुन्निसा लांबच बसली आणि तिने त्यांच्याकडे बघायचं टाळलं. मी काष्टा घट्ट खोचला आणि पाण्यात उतरले. श्रावणापासून मी नदीच्या पाण्यात पाय घातला नव्हता, पाणी भरायलासुद्धा वरच्या झऱ्यावर जायचे. ह्यांनी धरलेलं मूळ तुटलं होतं, त्याच्या शेजारचं मी डाव्या हाताने धरलं. उजवा हात मोडल्यासारखा पोटाशी घेतला. पूर नव्हता, डोह शांत होता, भिण्यासारखं काही नव्हतं. फारुखचा लांब हात नारायणरावांना दाखवायचा, म्हणजे गावाचं तोंड बंद होईल, असा माझा हिशोब.

“ये!” मी ओरडले.

फारुखने धोंड्यावरून उडी मारली. चांगला आला, सरळ आला, लांब लांब हात टाकत आला. पण जवळ आल्यावर त्याला मूळ दिसलं, मुळाला धरलेली मी दिसले, आणि त्याची मुंडी वर झाली. मुंडी वर झाली तसं कोपर दुमडलं. हात माझ्या तोंडासमोर आला, बोटं उघडली, वीतभर अंतरावर आली आणि आपली आपण मागे गेली. पोटाशी. तो माझ्या बाजूने डावीकडे निघून गेला.

“अस्संच!” काठावरून नारायणराव ओरडले. “अस्संच! त्या दिवशी अस्साच हात मागं घेतला होता यानं!”

मग त्यांनी संथ डोहाकडे बघितलं. मग मला नाही, स्वतःलाच म्हणाल्यासारखे बोलले, “पन आता काऊन घेतला? आता तं पूर नाई.” आणि खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. “मंग तवाही घेतला नसन त्यानं. आपसूक आला असन.”

मला जे कळायला हवं होतं ते कळलं होतं. पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी मुळाला धरून होते, आणि ह्यांनी शेवटचं जे बघितलं ते मी आत्ता बघितलं होतं. उघडी बोटं तोंडापाशी येतात आणि परत जातात. काठावरून ते कसंही दिसो, मुळाला धरलेल्या माणसाला एकच दिसतं, की हा आपल्याला सोडून चालला. ह्यांना तेच वाटलं असणार. तेच मनात घेऊन ते खडकावरून गेले असणार. नारायणरावांना समजलं, सुलतानपूरकरांनाही समजावता येईल. ह्यांना कोण जाऊन सांगणार? इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मला पाणी गार लागलं. मला हुडहुडी भरली.

फारुख वळून माझ्याजवळ आला होता, पाय मारत तरंगत होता.

“काकू, रडू नका.”

मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

“त्याईले वाटलं असन, तू सोडलं,” मी म्हटलं.

“नाई वाटलं.”

“तुले काय मालूम?”

त्याने काठाकडे बघितलं, नारायणराव मान खाली घालून बसले होते.

“काका बोलले होते,” तो हळूच म्हणाला.

“तू तं म्हने काई नाई बोलले.”

“सांगतो कसा? मरता मानूस असं बोलते का? लोक म्हनले असते, हात मागं घेतला अन् वरून गोष्ट रचून सांगून राह्यला. तुमीही म्हनल्या असत्या.”

“काय बोलले?”

“हसले, काकू. हात परत गेला तं माह्याकडे पाहून हसले. म्हने, ‘विहिरीचा हात बे तुहा.’ अन् मूळ तुटलं.”

ते मी त्याच्या तोंडून ऐकलं, पण आवाज ह्यांचा होता. खांदा मोडलाय, नाकातोंडात पाणी जातंय, आणि या माणसाला चेष्टा सुचते. असं कोणी रचून सांगू शकत नाही. पंचवीस वर्षं ज्याच्याशी संसार केला तो माणूस मला पुरता ओळखू आला आणि मी मोठ्याने हसले. हसताना रडत होते, रडताना नाकात पाणी गेलं, ठसका लागला, पण मूळ सोडलं नाही. तिकडे अजीजुन्निसा उठून उभी राहिली. नारायणराव विचारायला लागले, काय झालं, काय झालं.

“काई नाई,” मी ओरडून सांगितलं. उजव्या हाताने तोंड पुसलं आणि तो पुन्हा पोटाशी घेतला. “जा,” मी फारुखला म्हटलं. “धोंड्यापासून. परत.”

तो गेला. धोंड्यावर चढला, माझ्याकडे बघितलं आणि उडी मारली. मुंडी खाली, दंड कानाशी. मी डोळे मिटले नाहीत. हात माझ्या तोंडासमोर आला, वीतभर अंतरावर आला, खांदा वळला, आणि हात पुढे येतच राहिला. मूळ धरलेल्या माझ्या मनगटावर येऊन बसला आणि त्याने ते आवळलं. बांगड्या फुटल्यापासून त्या मनगटाला कोणाचा हात लागला नव्हता.

मग मी मूळ सोडलं.